घरच्या घरी टॅपेट सेटिंग : कोणती अवजारं घ्यायची आणि कशाला जपायचं

मारुती 800, ओम्नी, अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी. या गाड्या रस्त्यावर आता कमी दिसतात, पण ज्यांच्या दारात त्या अजून उभ्या आहेत ती मंडळी त्यांना जिवापाड जपतात. टॅपेटचं सामान मागायला आमच्या काउंटरवर येतात ते बहुतेक तेच. हे पत्रक त्यांच्यासाठी. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि जळका वायू बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह असतात, आणि रॉकर नावाची दांडी त्यांना दाबून उघडते. या दोहोंमधली फट बरोबर करणं म्हणजे टॅपेट सेटिंग.

"टॅपेट वाजतायत हो," असं म्हणत कोणी आलं की आम्ही फार घाबरत नाही. वाजतोय म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट वाढली आहे. ती कमी करायलाच हवी, पण दोन दिवस उशीर झाला म्हणून इंजिन बसत नाही. आम्हाला धास्ती असते ती न वाजणाऱ्या टॅपेटची. फट कमी होत होत संपते तेव्हा इंजिन उलट गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं आणि मालक खूश असतो. आत मात्र व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) त्याच्या बैठकीवर, पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट उरत नाही, शिवाय फटीतून जळता वायू सुसाटत जातो. मग व्हॉल्व्हची कड जळते आणि हेड उतरवण्याचा खर्च येतो.

सीएनजीवर चालणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. सीएनजी कोरडा असतो, त्यामुळे जुन्या इंजिनांत सीट लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप मिटते. अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या जुन्या हेडना असाच फटका शिसंविरहित पेट्रोलचाही बसतो. 2000 साली देशभर शिसं बंद झालं ते हवेसाठी उत्तमच झालं, पण सीटला त्या शिशाचा जो लेप मिळायचा तो गेला. सीट बदलून घेतली नसेल तर फट वरचेवर तपासा.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ ओम्नी घेऊन आले. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास आणि आयडलिंगला मिसिंग, आवाज मात्र काहीच नाही. प्लग दोनदा बदलून झाले होते. कव्हर उघडलं, तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीत गेजची 0.05 मिमीची पातसुद्धा शिरेना. ती दोन्ही सेट करून गाडी नीट चालू लागली, कारण कड अजून शाबूत होती. महिन्याभराने आले असते तर हेच सांगता आलं नसतं.

काय घ्यायचं

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांचा जुडगा, चांगला घ्या, बाकी ठिकाणी पैसे वाचवा. पात्यांवरचे आकडे स्पष्ट हवेत, कडा सरळ हव्यात आणि पात वाकलेली नको. जुने मिस्त्री थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 0.025 मिमी. म्हणजे सहा थाऊ 0.15 मिमी आणि दहा थाऊ 0.25 मिमी. आमच्या गेजवर दोन्ही आकडे असतात.

लॉकनटसाठी (रॉकरवरचा सेटिंगचा स्क्रू जागी धरणारा नट) रिंग पाना घ्या, ओपन पाना नको, नटाच्या कडा गोल होतात. स्क्रू ड्रायव्हरचं तोंड खाचेत घट्ट बसणारं हवं. इंजिन फिरवायला क्रँक पुलीच्या बोल्टचं सॉकेट आणि लांब दांडा लागतो. प्लग काढून ठेवले तर हाताने अलगद फिरतं. स्टार्टर मारून फिरवू नका.

आणि टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग. जुनंच परत बसवलं की तेल पाझरतं, एक्झॉस्टवर ठिबकतं आणि गाडीत जळका वास येतो.

कसं करायचं

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला ठेवा. रात्रभर गार झालेलं इंजिन सगळ्यात सोयीचं. किती फट ठेवायची तो आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. बऱ्याच पुस्तकांत गार आणि गरम असे दोन वेगळे आकडे असतात, ते एकमेकांत मिसळू नका.

मारुती 800 च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद), त्याचे रॉकर हाताने हलतात का पाहा, फट मोजा. मग क्रँक 240 अंश फिरवून तिसरा, पुन्हा 240 फिरवून दुसरा. अॅम्बेसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाला नऊची बेरीज लागू पडते. पुढून मोजून आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, असं करत दोन्हींची बेरीज दर वेळी नऊ.

पातीला तेलाचं बोट लावा, लॉकनट सैल करा, पात फटीत सरकवा आणि स्क्रू फिरवून फट जुळवा. जाड वहीखाली दबलेला कागद ओढताना हाताला जितकी ओढ लागते तितकीच पात ओढताना लागली पाहिजे. त्याच्या पुढची जाड पात शिरता कामा नये. आता स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो, आणि घरी काम करणारे नेमके इथेच चुकतात.

रॉकरच्या टोकाला झिजून खड्डा पडला असेल तर सपाट पात खड्ड्याच्या कडांवर आडवी राहते. पातीला फट बरोबर वाटते, प्रत्यक्षात ती जास्त असते. सेट करूनही टिकटिक गेली नाही तर आधी हे टोक बघा. असा रॉकर बदलावा लागतो, सेटिंगने सुटत नाही.

सेट करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हला किती फट होती ते वहीत लिहून ठेवा. एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी मिटत असेल तर त्याची सीट चालली आहे. तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या.

पॅकिंग बसवताना दोन्ही बाजू कोरड्या पुसा. सिलिकॉन चोपडू नका, सुटलेले तुकडे तेलात जाऊन जाळीवर अडकतात. कव्हरचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. कॉर्कचं पॅकिंग जास्त आवळलं की फुटतं.

कोणी हे सामान घेऊ नये

हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळतात, त्यांच्या गाडीत सेट करण्यासारखं काही नसतं. बकेट आणि शिमच्या इंजिनात (व्हॉल्व्हवर वाटी आणि तिच्यासोबत पातळ चकती, म्हणजे शिम) स्क्रूच नसतो, जाडी मोजून शिम बदलावी लागते. जुनी शिम 2.70 मिमी, मोजलेली फट 0.10 आणि हवी 0.20, तर नवी शिम 2.60. त्यासाठी मायक्रोमीटर लागतो, बहुतेक इंजिनांत कॅमही काढावा लागतो आणि टायमिंगला हात लागतो. ते काम गॅरेजमध्येच करा. गाडी कोणत्या प्रकारची ते माहीत नसेल तर आधी विचारा, आम्ही उगीच गेज विकणार नाही.

येताना गाडीचं मॉडेल, साल आणि जमलं तर जुनं पॅकिंग घेऊन या. एकाच गाडीला दोन आकारांची कव्हरं आलेली आम्ही पाहिली आहेत. जुनं पॅकिंग नव्यावर ठेवून पाहिलं की लगेच कळतं.