बेळगावचा किर्लोस्कर कारखाना

बेळगावचा किर्लोस्कर कारखाना : लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) आणि त्यांचे थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगाव शहरात चालविलेले सायकलींचे दुकान व त्यातून निघालेला शेती-अवजारांचा कारखाना. १९१० मध्ये हा कारखाना औंध संस्थानातील कुंडल येथे हलला आणि त्याच्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. वाडीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत नोंद बेळगावच्या कालखंडापुरती आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. ‘होसूर’ म्हणजे कन्नडमध्ये नवे गाव. आडनाव मात्र कोकणातले असून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किर्लोस या गावावरून ते आले असे सामान्यतः मानतात. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) हेही गुर्लहोसूरचेच. कोकणी मुळाचे, घरात मराठी आणि वेशीबाहेर कन्नड बोलणारे असे हे कुटुंब होते व या भागात अशी घरे आजही आहेत. १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. या शिक्षणाला रामुअण्णांचा आधार होता. रंगांधळेपणाचा दोष उघडकीस आल्यावर रंगकाम सुटले व ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवू लागले.

स्थापनेचे वर्ष : किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो आणि बहुतेक संदर्भग्रंथांनी तेच वर्ष उचलले आहे. या वर्षाबद्दल थोडे थांबून विचार करणे जरूर आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते, मुंबईत होते आणि नोकरी सोडून बेळगावला येण्यास अद्याप बराच अवकाश होता. ते परतले ते बहुधा १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला जागा मिळाल्याने त्यांनी राजीनामा दिला, असे चरित्रकार सांगतात. दुसरा मुद्दा सायकलीचा. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सुरक्षित सायकल इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये बाजारात आली. हवेच्या धावेचे (टायरचे) डनलॉपचे एकस्व (पेटंट) १८८८ चे. त्याच वर्षी बेळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सायकलींचे नियमित दुकान चालू होते, हे मानणे अवघड जाते. यावर दोन मते संभवतात. एक, दुकान १८८८ मध्येच निघाले, पण प्रारंभी ते अगदी किरकोळ स्वरूपाचे होते. दुसरे असे, की मुंबईतल्या भावाने माल पाठवावा आणि बेळगावातल्या भावाने तो विकावा, ही बंधूंमधली व्यवस्था त्या सुमारास सुरू झाली व पाटी नंतर लागली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारखान्याचा प्रारंभ मात्र कोणत्याही मताने लक्ष्मणराव बेळगावी परतल्यानंतरच धरावा लागतो. बेळगाव खंडाचे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर १८८४ चे, म्हणजे दुकानाच्या आधीचे असल्याने या बाबतीत त्याची मदत होत नाही.

सायकलींच्या किंमतीबाबतही अशीच सावधगिरी बाळगावी. एका सायकलीस ७०० ते १,००० रुपये पडत आणि चालवायला शिकविण्याचे वेगळे १५ रुपये घेत, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. विलायतेत त्या दशकात चांगली सायकल साधारण १५ ते ३० पौंडांना मिळे. शतकाच्या अखेरीस पौंडास १५ रुपये हा भाव स्थिर झाला. त्या हिशेबाने वाहतूक व नफा धरूनही ७०० हा आकडा चढाच वाटतो. आठवणीत पैशाचे आकडे फुगतात, हा अनुभव येथेही यावा. शिकवणीची रक्कम मात्र पटण्याजोगी आहे. गिऱ्हाईक होते ते छावणीतले लष्करी अधिकारी, कचेरीतले अंमलदार, वकील, डॉक्टर. बेळगावची लष्करी छावणी जुनी, आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग या भागात आल्याने मुंबईचा माल उतरवणे सोपे झाले होते.

कारखाना : सायकल दुरुस्तीच्या अवजारांतून एक लहान कारखाना उभा राहिला. तेथली पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा लांब कडबा तसाच टाकला की जनावर पाने खाते आणि ताटे तुडवते. तुकडे करून घातला तर वाया जात नाही. ही गोष्ट शेतकऱ्याला एका दिवसात डोळ्यांनी दिसते, त्यामुळे या यंत्राला विरोध झाल्याचे ऐकिवात नाही.

लोखंडी नांगराचे तसे झाले नाही. विलायती नमुन्यावरून बेतलेला हा नांगर विकण्यास फार काळ लागला. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे परंपरेने सांगतात. लोखंडाने जमीन नासते, तिला विष बाधते, ही समजूत आड आली, हे कारण सर्वत्र दिलेले असते. ते खोटे नव्हे, पण एवढेच कारण मानले तर शेतकऱ्यावर अन्याय होईल. देशी लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटवत नाही. त्याचा फाळ झिजला तर गावचा लोहार पाणी देऊन देतो, खोड मोडले तर सुतार दुसरे घडवतो, आणि दोघांचेही बलुते ठरलेले असते. ओतीव लोखंडाच्या नांगराला माती उलथवणारी वळणदार पाटी असते. ती हरळी-कुंद्याच्या मुळ्या खोलवरून वर काढते, पण ओतीव फाळ गावच्या भट्टीवर ठोकून वाढवता येत नाही, ठोकला तर तडकतो. म्हणजे नांगराबरोबर सुट्या फाळांचा पुरवठाही कारखान्यालाच करावा लागतो. शिवाय फाळ मऊ ओतला तर मुरमाड रानात लगेच घासतो आणि फार कडक ओतला तर दगडावर फुटतो. ओतताना धारेची बाजू चटकन थंड करून तेवढीच कडक करण्याची युक्ती इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये एकस्वाखाली आणली होती. हिंदुस्थानातल्या लहान ओतशाळेला ती सहज साधणारी नव्हती.

बाजारपेठेचा भूगोलही ध्यानात घ्यावा. बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग, विशेषतः खानापूर, पावसाचा व भातखाचरांचा. तेथे चिखलणीला हा नांगर फारसा कामाचा नव्हता. त्याचे खरे क्षेत्र पूर्वेकडील काळ्या जमिनीत, म्हणजे अथणी, गोकाक, सौंदत्ती या बाजूस, आणि त्याहून अधिक उत्तरेला कृष्णाकाठी व सोलापूरकडे होते. कारखाना पुढे ज्या दिशेने गेला, ती त्याच्या गिऱ्हाइकांचीच दिशा होती, हे स्थलांतराच्या वर्णनात सहसा कोणी सांगत नाही.

स्थलांतर : कारखान्याची जागा ठळकवाडीच्या बाजूस होती. शहराची नवी वसाहत तेथे वाढवायची म्हणून नगरपालिकेने जागा रिकामी करण्यास सांगितले, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. ठळकवाडी हेच आजच्या टिळकवाडीचे जुने नाव. लोकमान्यांच्या नावाशी ते उच्चारसाम्याने जुळले असावे. जुने रूप शाळेच्या नावात अजून टिकून आहे.

औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ मध्ये जन्मलेले, म्हणजे लक्ष्मणरावांचे जवळजवळ समवयस्क, आणि स्वतः चित्रकार. ते १९०९ च्या अखेरीस गादीवर आले. त्याआधी औंधच्या यमाईच्या देवळातील सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा दरबाराशी परिचय झाला होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर माळजमीन दिली व कर्जही दिले. ते बिनव्याजी होते व रक्कम १०,००० रुपये होती, हे विधान अधिक प्रचलित आहे. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानतात. कुंडल औंध संस्थानचे असले तरी मुख्य मुलखापासून तुटलेले होते. रेल्वे मात्र तीच होती, बेळगावहून मिरजेवरून पुण्याकडे जाणारी. यंत्रे, ओतशाळेचा सरंजाम आणि कामगारांची कुटुंबे याच मार्गाने गेली असावीत. पुढे स्थानकाचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले.

दुकानातून कारखाना, कारखान्यातून गाव, अशी चढती कमान सांगण्याकडे चरित्रकारांचा कल असतो, आणि ती गोष्ट पडद्यावर शोभेल अशी आहे खरी. बेळगावची वर्षे त्या कमानीत नीट बसत नाहीत. तेथे खपली ती सायकल आणि कडब्याचे यंत्र. नांगराने बेळगावात घर चालवले नाही.

बेळगावातील आजचा ओतकामाचा धंदा व उद्यमबागेतील कारखाने यांचा उगम काही लेखक किर्लोस्करांशी जोडतात. मधला अर्ध्या शतकाचा खंड पाहता हा संबंध थेट मानू नये. उद्यमबाग ही स्वातंत्र्योत्तर औद्योगिक वसाहत आहे.

लक्ष्मणरावांच्या निधनानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे जन्मगाव व पहिले दुकान कर्नाटकात आणि वाडी महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात, अशी आजची स्थिती आहे. बेळगाव शहराच्या मध्यवर्ती बाजारभागात किर्लोस्कर रोड आहे. पत्ता सांगताना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषिक दुकानदार तेच नाव घेतात.