सर्दी समजून जे अंगावर काढता, ते : नाकाच्या अ‍ॅलर्जीविषयी आमच्या ग्राहकांसाठी

गणपती जवळ आले की आमच्या मेडिकलमध्ये शिंकांवरच्या गोळीची मागणी वाढते. घरोघरी जळमटं निघत असतात, पावसाळाभर माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या आणि वाकळी चाकरमान्यांसाठी खाली येतात. "सर्दी झाली, काहीतरी द्या," असं सगळेच म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांना सर्दी नसते, अ‍ॅलर्जी असते, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

ओळखायचं कसं?

विषाणूची सर्दी घसा दुखून, अंग मोडून, कधी तापाने सुरू होते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्याबरोबर सटासट शिंका येतात, नाक पाण्यासारखं गळतं, रात्री चोंदतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज ही सर्वांत मोठी खूण. एरवी निरुपद्रवी असलेल्या कणांविरुद्ध शरीर प्रतिद्रव्यं तयार करून ठेवतं. तोच कण पुन्हा नाकात गेला की तिथल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, आणि पुढचा सगळा त्रास त्यातून होतो.

आपल्याकडे हे इतकं का?

मुख्य कारण दमट हवा. गाद्या-उशांमध्ये डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात, त्यांना डस्ट माइट म्हणतात. आपल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात ती 80 च्या वर असते. त्यात चिऱ्याच्या भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी. पाऊस सरला की गवताचे पराग आणि भाताच्या झोडणीची धूळ. आंब्याच्या मोहोराला मात्र लोक उगाच फार दोष देतात. त्याचे पराग मुख्यतः माश्या-कीटक वाहतात, वाऱ्याने ते लांब जात नाहीत. कलमांखाली काम करणाऱ्याला त्रास होऊ शकतो, ते वेगळं. भाजवळीचा आणि धूप-अगरबत्तीचा धूर आधीच सुजलेल्या नाकाला आणखी चिडवतो.

म्हणून अंथरुणापासून सुरुवात करा. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, साधारण 60 अंशांच्या, धुवा. उघडीप मिळाली की गाद्या खळ्यात उन्हात टाका, आणि त्या झटकायचं काम अ‍ॅलर्जी नसलेल्याला द्या. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं. माळा काढताना नाकातोंडावर मास्क हवाच.

थेंब, गोळी आणि फवारा

एवढं तरी नीट वाचा, ही विनंती.

नाक तत्काळ मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की उलटा परिणाम होतो : थेंबांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. वर्षानुवर्षं उशाशी ही बाटली ठेवणारे लोक आम्हाला ठाऊक आहेत. म्हणूनच दुसरी बाटली मागितलीत तर आम्ही आधी डॉक्टरांकडे जायला सांगतो. राग मानू नका.

गोळी शिंका, खाज आणि गळणं यांवर चालते, चोंदण्यावर फारशी नाही. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी चांगलीच झोप येते. होडीवर जाणाऱ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, पण ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, नुसत्या पाण्याबरोबर घ्या.

सतत चोंदणाऱ्या नाकावर सर्वांत गुणकारी म्हणजे स्टेरॉइडचा फवारा (फ्लुटिकासोन, मोमेटासोन). स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. पण इथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात फारच थोडी उतरते. तो पहिल्या दिवशी जादू करत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारेच जास्त. डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस रोज मारा. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने धरा, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न वळता बाहेरच्या बाजूला राहतं. जोरात ओढू नका. घशात चव आली तर औषध नाकात न राहता खाली गेलं समजा. चिठ्ठी घेऊन या, काउंटरवर करून दाखवतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यानेही आराम पडतो. अर्ध्या लिटरला चहाचा सपाट चमचाभर मीठ, थोडं कमीच. विहिरीचं किंवा नळाचं पाणी तसंच नाकात कधीही घालू नका. खळखळून उकळून, कोमट करूनच वापरा.

डॉक्टरांकडे कधी?

छातीत शिट्टी वाजत असेल किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी जा. नाकाच्या अ‍ॅलर्जीबरोबर दमा पुष्कळदा असतो. एकच नाकपुडी कायम बंद राहणं, नाकातून वारंवार रक्त, तापासह चेहरा दुखणं, मुलाने रात्री तोंड उघडं ठेवून घोरणं, यांतलं काहीही असेल तरी दाखवून घ्या. गरोदर असाल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर काहीही देण्याआधी ते आम्हाला सांगा. सर्दीच्या काही मिश्र गोळ्यांनी रक्तदाब वाढतो.