इंजिन ऑइल बदलायची पद्धत आली कुठून, आणि ते काळं काऊन पडतं

मागच्या डिसेंबरात मामांची गाडी माझ्याकडे आली. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग फक्त ३१ हजार. मामा नागपुरात मानेवाड्याहून सीताबर्डीला दुकानात जायचे आणि संध्याकाळी परत, बस एवढंच, आणि तीन वर्षं ऑइल बदललंच नव्हतं कारण त्यांचं म्हणणं, गाडी चाललीच नाही तर ऑइल काऊन बदलायचं? मिस्त्रीने टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या वरचं झाकण उघडलं. आत कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना काळा गाळ, दूध आटवलेल्या पातेल्याच्या बुडाला खरवड लागते ना अगदी तसा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला की थरच्या थर उठून यायचा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरलेली. मिस्त्री म्हणाला, भाऊ, ही गाडी चालवून खराब नाही झाली, न चालवून झाली.

तेव्हापासून डोक्यात होतं की हे ऑइल बदलणं सुरू कुठून झालं ते नीट लिहावं, कारण आपल्याकडे अजूनही बरेच लोक याला शोरूमवाल्यांनी काढलेला खर्च समजतात.

गोष्ट कारच्याही आधीची आहे. वाफेच्या इंजिनांना पूर्वी जनावरांची चरबी आणि वनस्पती तेलं लावायचे, आणि गरम वाफेत ती चरबी जळून व्हॉल्व्ह चिकटून बसायचे. अमेरिकेत जॉन एलिस नावाचे डॉक्टर जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलाचा औषध म्हणून काही उपयोग होतो का ते पाहत होते, औषध काही सापडलं नाही पण या तेलाने चिकटलेले व्हॉल्व्ह मोकळे होतात हे लक्षात आलं आणि १८६६ मध्ये त्यांनी कंपनीच काढली. तीच पुढे व्हॅल्व्होलिन ही ऑइल कंपनी. म्हणजे इंजिन आतून मोकळं ठेवणं ही तेव्हापासूनचीच भानगड आहे.

एरंडेलही खूप वापरलं गेलं. कॅस्ट्रॉल या ऑइलचं नावच १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टर ऑइलवरून पडलं, आणि पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमानं एरंडेलावर उडाली. वंगण म्हणून एक नंबर, पण जळलं की डिंकासारखं चिकटतं.

आता खरी गंमत पहा. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण ते थेंबथेंब आत जायचं, काम करायचं आणि जळून नाहीतर गळून रस्त्यावर जायचं, म्हणजे इंजिनला सतत ताजंच ऑइल. मग इंजिनच्या खाली चेंबर, म्हणजे ऑइल साठवायची टाकी आली, तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरायला लागलं, आणि त्याबरोबर घाणही फिरायला लागली. बदलायची गरज इथून सुरू झाली. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला, म्हणजे १९२७ च्या शेवटी आलेल्या, ५०० मैलांना ऑइल बदला असं सांगितलेलं असायचं. ५०० मैल म्हणजे साधारण ८०० किलोमीटर, नागपूरहून मुंबईला गाडी नेली की पोचल्या पोचल्या चेंबरचा नट खोला! फिल्टर १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड यांनी आणला, पण तो सगळ्या गाड्यांत यायला बरीच वर्षं गेली.

आणि फिल्टर असला तरी सगळं पकडू शकत नाही. पेट्रोल जळतं तेव्हा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो, त्याच्यासोबत काजळी, अर्धवट जळालेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं. इंजिन नीट तापलं आणि गाडी अर्धा-पाऊण तास मोकळी चालली तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. पण मामांसारखं पाच-सहा किलोमीटर जाऊन बंद, परत पाच-सहा किलोमीटर, असं रोज चाललं तर ते पाणी आतच राहतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि ती साय, तो गाळ तयार होतो. म्हणून किलोमीटरसोबत महिनेही मोजायचे असतात.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९३० च्या दशकातला बदल. ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीच्या नव्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा कार्बनने जाम होऊ लागल्या, साध्या ऑइलने काही होईना, तेव्हा ऑइलमध्ये साबणासारखं काम करणारी रसायनं घालायला सुरुवात झाली. तोपर्यंत ऑइलचं काम फक्त वंगणाचं होतं, घाण इंजिनच्या भिंतींना चिकटून राहायची आणि ठरावीक काळाने इंजिन खोलून ती खरवडावी लागायची. नवीन ऑइल घाण सोडवून स्वतःमध्ये धरून ठेवायला लागलं, पुढे ती बारीक कणांत विखरून ठेवणारी रसायनंही आली. म्हणून ऑइल लवकर काळं पडतं, ते खराब निघालं म्हणून नाही तर धुवायचं काम करून राहिलं म्हणून. डिझेल गाडीत तर नवीन टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळंभोर. पण या रसायनांचा साठा मर्यादित असतो, ती संपली की धरून ठेवलेली घाण परत बसायला लागते. गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढून बोटांवर रंग पाहून हे कळत नाही, आणि आपल्याकडे अजून रंगावरच निकाल लावतात.

आपल्या देशात इंडियन ऑइल कंपनीचं सर्व्हो नावाचं ऑइल १९७२ मध्ये आलं, डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि गाडीसोबत मिळणारी सर्व्हिसची कुपनं फाडून ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग करायची सवय घराघरांत शिरली. तेव्हाची पाच हजाराची सवय आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांत दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, इथवर आली. ऑइल सुधारलं आणि पेट्रोलही, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमाच्या इंधनात गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं, आणि गंधक कमी म्हणजे आम्लं कमी.

लोक म्हणतात नागपूरच्या ४५-४६ डिग्रीत ऑइल लवकर जळतं. माझ्या मते मे महिन्यातल्या उन्हापेक्षा वर्धा रोडच्या सिग्नलवर एसी लावून उभं राहणं जास्त वाईट, किलोमीटर पुढे सरकत नाही पण इंजिन चालूच. इंजिनातलं ऑइल तसंही ९०-१०० डिग्रीवर काम करतं. आणि सिमेंट रोडच्या खोदकामाची धूळ आहेच, एअर फिल्टर बुजला की ऑइलचंही आयुष्य कमी होतं.

काढलेलं जळकं ऑइल आपल्याकडे सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, काही गॅरेजवाले नालीत सोडतात. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि नालीतलं ऑइल शेवटी नाग नदीतच जाणार.

मामांच्या गाडीला मिस्त्रीने रॉकेलने धुवायला साफ नाही म्हटलं, एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर ऑइल वर चढत नाही आणि इंजिन जाम होतं. वरवरचा गाळ हाताने काढला, जाळी साफ केली, मग दीड-दीड हजार किलोमीटरला तीनदा ऑइल आणि फिल्टर बदलला. तिसऱ्यांदा कव्हर उघडलं तेव्हा कोपऱ्यात थोडी तपकिरी झाक होती, बाकी कॅमशाफ्ट चमकत होता. मी फोटो काढून मामांना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, पुढची तारीख कधीची आहे सांग.