सीक्वेलमध्ये नवं कोण येणार? चाहत्यांच्या अंदाजांची पार्श्वभूमी

ॲनिमेशनपटाचा पुढचा भाग जाहीर झाला की चाहते लगेच एका प्रश्नाला हात घालतात: या वेळी नवं कोण येणार? जुन्या मंडळींची ओळख झालेली असते, त्यांचे स्वभाव पाठ असतात. मोकळी असते ती नव्या पात्राची जागा, आणि ती भरायला सगळे धावतात.

हा छंद ॲनिमेशनभोवती इतका का वाढला याचं कारण माध्यमातच आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रपटात मागून जाणारा माणूस खरोखरच चुकून फ्रेममध्ये आलेला असू शकतो. ॲनिमेशनमध्ये चुकून कुणी येत नाही. मागच्या भिंतीवरचं चित्र, टेबलावरचा कप, गर्दीतली टोपी, प्रत्येक गोष्ट कुणीतरी बसून तयार केलेली असते. त्यामुळे जे दिसतं ते मुद्दाम ठेवलेलं आहे, असं धरून चाहते पाहतात, आणि ते बरोबरही आहे. अडचण वेगळीच आहे. चित्रपट पूर्ण व्हायला चार-पाच वर्षं लागतात आणि कथा त्यातला बराच काळ बदलत राहते. म्हणजे खूण मुद्दाम ठेवलेली असते, पण ज्या कथेसाठी ठेवली ती कथाच नंतर उरत नाही. चुकलेल्या बहुतेक अंदाजांच्या मुळाशी हेच असतं.

सुरुवातीला अंदाज बांधायला फारसं काही नव्हतंच. डिस्नेने 1977 च्या ‘द रेस्क्यूअर्स’चा पुढचा भाग ‘द रेस्क्यूअर्स डाऊन अंडर’ 1990 साली चित्रपटगृहांत आणला, म्हणजे तब्बल 13 वर्षांनी. त्यात विल्बर नावाचा नवा अल्बट्रॉस, म्हणजे मोठा समुद्रपक्षी, आहे. पहिल्या भागातल्या ऑरव्हिलला आवाज देणारे जिम जॉर्डन 1988 मध्ये वारले, म्हणून ऑरव्हिलचा भाऊ लिहिला गेला आणि आवाज जॉन कँडी यांनी दिला. पहिला भाग कितीही वेळा पाहिला असता तरी विल्बरचा सुगावा लागला नसता. नवं पात्र कथेबाहेरच्या कारणानेही जन्माला येतं, हे अंदाज बांधणारे आजही विसरतात.

त्याआधी अंदाज बांधण्याचा एक प्रकार मात्र खेळण्यांमुळे शक्य झाला होता. ‘द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’ ऑगस्ट 1986 मध्ये आला. तो टीव्ही मालिकेची कथा पुढे नेणारा होता आणि हॅस्ब्रो या कंपनीच्या नव्या खेळण्यांसाठी जागा करणं हे त्याचं उघड काम होतं. खेळण्याच्या खोक्यामागे त्या पात्राची ओळख आणि ताकद, बुद्धी, वेग, हुद्दा असे गुण 1 ते 10 च्या मापात छापलेले असत. हुद्द्याचा आकडा वाचून नव्या फळीत कुणाचं वजन किती हे मुलांना ताडता येई. खोका सांगत नव्हता ते एवढंच, की नव्यांना जागा द्यायला जुन्यांना मारलं जाणार आहे. नायक ऑप्टिमस प्राइमचा मृत्यू मुलांना इतका लागला की पुढच्याच वर्षी मालिकेत त्याला परत आणावं लागलं. ‘जी. आय. जो’च्या 1987 च्या चित्रपटात ड्यूक मरणार होता. संवाद बदलून तो कोमात गेल्याचं सांगण्यात आलं. खेळण्यावरून कोण येणार हे कळतं, कथेत त्याचं काय होणार हे कळत नाही. चाळीस वर्षांत यात बदल झालेला नाही.

‘द लायन किंग’चा किस्सा चाहत्यांच्या इतिहासात सर्वांत जास्त चघळला गेला आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. 1994 च्या चित्रपटाच्या शेवटी सिंबा आणि नालाचं पिल्लू उंच धरलं जातं, त्याचं नाव सांगितलं जात नाही. त्याच वर्षी चित्रपटाच्या जोडीने निघालेल्या जोडपुस्तकांत सिंबाला कोपा नावाचा मुलगा आहे. डिस्नेच्या शिक्क्याची छापील पुस्तकं असल्यामुळे चाहत्यांनी कोपा पक्का धरला. 1998 मध्ये व्हिडिओवर आलेल्या दुसऱ्या भागात मात्र पिल्लू निघालं मुलगी, कियारा. कोपाचा उल्लेखही नाही. मग ही फट बुजवायला चाहत्यांनीच कथा रचली की कोपा कियाराच्या आधी जन्मला होता आणि दुसऱ्या भागातली खलनायिका झिरा हिने त्याला मारलं. तिला पडद्यावर कसलाही आधार नाही, तरी ती आजही सांगितली जाते. खरं कारण साधं आहे. जोडपुस्तकं परवाना घेऊन वेगळी लेखकमंडळी लिहितात, आणि पुढच्या चित्रपटाची कथा लिहिणाऱ्यांवर त्यातलं काहीच बंधनकारक नसतं. आजही एखाद्या चित्रमय पुस्तकात नवं नाव दिसलं की आधी पाहावं, ते पुस्तक नव्या चित्रपटाच्या सोबतीने निघालंय की दोन भागांच्या मधल्या काळात. पहिल्या प्रकाराला वजन द्यावं, दुसऱ्याला जवळपास नाही.

शेवटच्या दृश्यात सोडलेला धागा ही खूण सर्वांत भरवशाची वाटते आणि तितकीच फसवी निघते. ‘द इन्क्रेडिबल्स’ 2004 मध्ये संपताना जमिनीतून अंडरमायनर नावाचा खलनायक वर येतो. चाहत्यांनी 14 वर्षं त्यालाच पुढचा खलनायक मानलं. 2018 चा दुसरा भाग नेमक्या त्याच क्षणापासून सुरू झाला, अंडरमायनर पहिल्याच झटापटीत निसटला आणि पुन्हा दिसलाच नाही. उलट ‘कुंग फू पांडा 2’च्या शेवटी, 2011 मध्ये, नायक पांडा पो याचा जन्मदाता बाप जिवंत असल्याचं दिसलं आणि 2016 च्या तिसऱ्या भागात तो बाप, ली शान, पोसमोर येऊन उभा राहिला. या दोन धाग्यांत फरक आहे तो नात्याचा. बापाचा प्रश्न पोच्या मनातल्या गाठीशी बांधलेला होता, तो टाळून कथा पुढे नेणं अवघड होतं. अंडरमायनरचं कुणाशीच काही देणं-घेणं नव्हतं. धागा पाहताना तो कुणाच्या आयुष्यात अडकला आहे हे आधी विचारावं.

मागच्या पार्श्वभूमीत लपवलेल्या वस्तूंचा खेळ पिक्सारने रुजवला. मे 2009 च्या ‘अप’मध्ये फुग्यांचं घर एका मुलीच्या खिडकीवरून जातं, तेव्हा तिच्या पलंगाशी एक गुलाबी अस्वल बसलेलं दिसतं. तेच पुढच्या वर्षी ‘टॉय स्टोरी 3’मध्ये लॉट्सो म्हणून आलं. अशा वस्तू दिसतात त्या त्यांचा स्वतःचा चित्रपट यायच्या वर्ष-दीड वर्ष आधी, कारण तोवर पुढच्या पात्राचं डिझाइन तयार झालेलं असतं.

पण ‘झूटोपिया’मधलं टपरीचं दृश्य हा या खेळाचा खरा धडा आहे. 2016 च्या त्या चित्रपटात ड्यूक वीझल्टन नावाचा भुरटा चोरट्या डीव्हीडी विकतो. त्यात तोवर न आलेल्या तीन चित्रपटांची विडंबन-नावं आहेत: ‘मोआना’वरून ‘मिआओना’, ‘फ्रोझन 2’वरून ‘फ्लोटझन 2’ आणि ‘जायगँटिक’वरून ‘जिराफिक’. पहिला त्याच वर्षी आला, दुसरा 2019 मध्ये. तिसरा डिस्नेने 2017 मध्ये रद्द केला. तिन्ही खुणा खऱ्या होत्या, तिन्ही मुद्दाम ठेवलेल्या होत्या, आणि तरी एक चित्रपट बनलाच नाही.

आता टीझर. आजचे बहुतेक वाद इथेच पेटतात, म्हणून जरा थांबून पाहू.

चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम या गतीने चालतो. दीड मिनिटाच्या टीझरमध्ये 2160 फ्रेम असतात. एखादा चेहरा तीन फ्रेम दिसला तर तो एक अष्टमांश सेकंद दिसला. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाची दाबली की एक मागे जाता येतं. सुरुवात इथून करावी, आणि उपलब्ध असेल ती सर्वांत वरच्या दर्जाची प्रत लावूनच. पुढे-मागे करताना काही पात्रं दोन फ्रेम एकाच मुद्रेत राहतात. व्हिडिओ अडकला असं समजू नये. एक मुद्रा दोन फ्रेम धरणं ही जुनी पद्धत आहे आणि ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ने ती मुद्दाम वापरली, नवख्या नायकाच्या, माइल्सच्या, हालचालींसाठी.

खरी चूक होते अंधाऱ्या दृश्यांत. व्हिडिओचा आकार कमी करताना संगणक काळोख्या भागातले बारकावे सर्वांत आधी टाकून देतो. पुढे कुणी ती फ्रेम उजळवली की उरलेले चौकोनी डाग वर येतात आणि डोळ्यांना त्यात चेहरा दिसतो. गर्दीतला ‘गूढ माणूस’ बऱ्याचदा असा डाग असतो. शंका आली तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-पाच फ्रेम पाहाव्यात. खरं पात्र त्या सगळ्या फ्रेममध्ये आकार राखून सरकतं, डाग प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा होतो.

गर्दीच्या पात्रांची रचनाही ठाऊक असलेली बरी. मोजकी शरीरं तयार करून त्यांवर केस, कपडे आणि रंग बदलून शेकडो माणसं उभी केली जातात. म्हणून एखाद्या अनोळखी चेहऱ्याचं शरीर त्याच दृश्यात दुसऱ्या कपड्यांत सापडलं, तर तो गर्दीतलाच. कथेतल्या पात्राची बाह्यरेषा वेगळी असते, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश वेगळा ठेवलेला असतो.

एवढं सगळं नीट करूनही टीझर फसवतो, कारण तो पुष्कळदा चित्रपटाचा तुकडाच नसतो. टीझर निघतो तेव्हा बरीच दृश्यं स्टोरीबोर्डच्या, म्हणजे कच्च्या रेखाचित्रांच्या, टप्प्यावर असतात, म्हणून वेगळं छोटं दृश्य बनवलं जातं. 2013 च्या ‘फ्रोझन’चा हिममानव ओलाफ आणि रेनडिअर स्वेन गाजरासाठी झगडतात तो टीझर चित्रपटात नाही. नोव्हेंबर 2018 मधल्या ‘टॉय स्टोरी 4’च्या टीझरमध्ये निळ्या आभाळाखाली फेर धरणारी खेळणीही नाहीत. पण त्याच टीझरने फोर्की या नव्या खेळण्याची ओळख करून दिली आणि फोर्की चित्रपटाच्या केंद्राशी निघाला. म्हणून अशा टीझरमधून पात्र उचलावं, प्रसंग उचलू नये.

‘फ्रोझन 2’च्या वेळी, फेब्रुवारी 2019 मध्ये, लोकांनी प्रसंग उचलला. टीझर 24 तासांत 11.6 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. वाऱ्यावर फिरणारी तांबूस पानं पाहून एक तर्क झपाट्याने पसरला: बर्फाची शक्ती असलेली नायिका एल्सा हिवाळ्याची, तर शरद, वसंत आणि उन्हाळ्याची शक्ती असलेली आणखी तीन माणसं येणार. चित्रपटात ऋतू नव्हते, पंचमहाभूतांतली चार होती: वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. पानं फिरवणारी गेल ही तर शरीरच नसलेली वाऱ्याची शक्ती होती. फ्रेम थांबवून तिला शोधणार कुठे? लोकांनी चारचा आकडा बरोबर धरला होता, वर्गवारी चुकली.

कलाकारांच्या घोषणा हा तुलनेने कोरडा पण उपयोगी माग आहे. आवाजाचं ध्वनिमुद्रण ॲनिमेशनच्या आधी होतं, तोवर स्टुडिओतलीच माणसं तात्पुरता आवाज देतात. त्यामुळे नाव जाहीर होणं म्हणजे पात्र कायम झालं, असा अर्थ बऱ्याच अंशी धरता येतो. आवाज मात्र बदलू शकतो. ‘कुंग फू पांडा 3’मधल्या मेई मेईसाठी आधी रेबेल विल्सन जाहीर झाल्या होत्या, प्रत्यक्षात केट हडसन ऐकू आल्या. ट्रेडमार्कच्या अर्जांतूनही नावं बाहेर येतात. तिथे वर्ग पाहावा: 28 हा खेळण्यांचा, 41 हा मनोरंजनसेवेचा. नुसत्या 41 मध्ये नोंदलेलं नाव बहुधा चित्रपटाचं किंवा कार्यक्रमाचं असतं, पात्राचं असेलच असं नाही.

या सगळ्यांहून जास्त वेळा खरा ठरलेला मार्ग जुना चित्रपटच पुन्हा पाहण्याचा आहे. त्याच्या जगात कोणती जागा रिकामी ठेवली आहे हे त्यात शोधायचं.

‘इनसाइड आउट’ने 2015 मध्ये एका मुलीच्या मनातल्या पाच भावना पात्रं म्हणून दाखवल्या. निर्मात्यांनी सल्ला घेतलेल्या पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांच्या मूळ यादीत सहा होत्या. आश्चर्य हे भीतीच्या फार जवळ जातं म्हणून गाळलं गेलं. चित्रपटाच्या शेवटी मात्र भावना ज्यावरून मुलीला चालवतात त्या नव्या कन्सोलवर ‘वयात येणं’ असं लिहिलेलं बटण दिसलं. 2022 मध्ये दुसरा भाग जाहीर झाला तेव्हा ज्यांनी आश्चर्याची गाळलेली जागा भरायचा प्रयत्न केला ते चुकले. ज्यांनी बटणाकडे पाहिलं त्यांना वाट सापडली: वयात येताना ज्या भावना नव्याने उठतात त्या ‘इतर लोक मला कसे पाहतात’ या प्रश्नाभोवतीच्या असतात. नोव्हेंबर 2023 च्या टीझरमध्ये चिंता आली, मार्च 2024 मध्ये मत्सर, संकोच आणि कंटाळा. पहिल्या तीन त्या प्रश्नाच्या सरळ उत्तरात बसतात.

‘झूटोपिया’ची जागा तर त्याहून मोठी होती. शहरात उंदरापासून हत्तीपर्यंत सगळे होते, पण सगळे सस्तन. सरपटणारे कुठे गेले, हा प्रश्न चाहते पहिल्यापासून विचारत होते. ऑगस्ट 2024 मध्ये गॅरी हा साप जाहीर झाला, आवाज की ह्यू क्वान यांचा, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाची कथा त्याच प्रश्नावर उभी होती.

‘श्रेक 5’बाबत आत्ता चाललेली चर्चाही याच वळणाची आहे. फेब्रुवारी 2025 च्या टीझरमध्ये श्रेकची वयात आलेली मुलगी दिसली, आवाज झेंडायाचा. तिळ्यांची नावं फर्गस, फार्कल आणि फेलिशिया ही आधीच्या भागांतून माहीत होती, त्यात मुलगी एकच. त्यामुळे नावाचा शोध लगेच संपला आणि वाद वळला चेहऱ्याच्या डिझाइनकडे. प्रदर्शनाची तारीख जुलै 2026 वरून डिसेंबर 2026 आणि मग जून 2027 वर गेली आहे. इतक्या आधीच्या टीझरमधलं डिझाइन अंतिम असेलच असं मानू नये.

आणि ‘झूटोपिया 2’ची श्रेयनामावली संपल्यावर नायिका ज्यूडीच्या खिडकीपाशी एक पीस येऊन पडतं. त्या शहरात आजवर एकही पक्षी दिसलेला नाही.