निवेदक खोटं बोलतोय हे माहीत असूनही आपण का फसतो?

सायकॉलॉजिकल थ्रिलर वाचायला घेतलं की माझं दरवेळी तेच होतं. पुस्तक देणाऱ्या मैत्रिणीने आधीच सांगितलेलं असतं की गोष्ट सांगणाऱ्या बाईवर अजिबात भरवसा ठेवू नकोस, मी पण ठरवते की यावेळी प्रत्येक वाक्य तपासून घ्यायचं, आणि पंधरा-वीस पानांत ते सगळं विसरायला होतं, कारण ती म्हणते मी खिडकीतून अमुक पाहिलं आणि तोवर मीही ते पाहून मोकळी झालेली असते. अशा निवेदकाला ‘अनरिलाएबल नॅरेटर’ हे नाव वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 मध्ये दिलं. पण मला जास्त इंटरेस्ट आहे तो वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं त्यात.

आपल्याला वाटतं की आपण आधी वाक्य समजून घेतो आणि मग ठरवतो खरं मानायचं की नाही. सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाचं म्हणणं साधारण असंच होतं. त्याच शतकातला दुसरा तत्त्वज्ञ स्पिनोझा म्हणाला, तसं नाही, समजणं म्हणजेच मानणं, अविश्वास ही नंतरची वेगळी पायरी आहे आणि तिला कष्ट पडतात. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षाच घेतली. लोकांना स्क्रीनवर सरकत जाणारे गुन्ह्यांचे रिपोर्ट वाचायला दिले आणि आधीच सांगितलं की काळ्या अक्षरातलं खरं, लाल अक्षरातलं खोटं. काहींच्या रिपोर्टमधली लाल वाक्यं गुन्हा जास्त भयंकर करणारी होती, काहींच्यात तो सौम्य करणारी. निम्म्या लोकांना वाचता वाचताच स्क्रीनवरचे आकडे बघून त्यातला पाच शोधायचं काम पण दिलं. मग विचारलं, आरोपीला किती वर्षं शिक्षा द्याल? ज्यांचं लक्ष असं विभागलं होतं त्यांच्यात भयंकर लाल वाक्यं वाचणाऱ्यांनी सौम्य वाचणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट शिक्षा सुचवली! म्हणजे खोटं आहे हे रंगावरून समोर दिसत असूनही ते आत गेलं, कारण ते बाहेर काढायला मेंदू मोकळाच नव्हता. आणि कादंबरीत तर लाल अक्षरंही नसतात, शिवाय आपण पुढे काय होणार या ओढीने पानं उलटत असतो, एक कान स्टेशनच्या अनाउन्समेंटकडे असतो.

सगळेच निवेदक मुद्दाम खोटं बोलतात असंही नाही. पॉला हॉकिन्सच्या 2015 च्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ या कादंबरीतली रेचल रोज लोकलने लंडनला जाते, दारू पिते, आणि एका महत्त्वाच्या रात्रीचं तिला काही आठवत नाही. शेवट फोडत नाही, पण हा ब्लॅकआऊट काय असतो ते समजून घेण्यासारखं आहे. ब्लॅकआऊट म्हणजे बेशुद्ध पडणं नाही, माणूस चालतो, बोलतो, भांडतो, फक्त हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नवीन आठवण साठवायचं काम नीट करत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी 1970 च्या सुमारास दारूचं व्यसन असलेल्या लोकांना प्यायला देऊन खेळणी वगैरे वस्तू दाखवल्या. दोन मिनिटांनी विचारलं तर सांगता यायचं काय बघितलं, पण त्यातल्या अनेकांना अर्ध्या तासाने काहीच आठवेना. गुडविन यांनी दोन प्रकार सांगितले. एकात अख्खा तुकडाच कोरा राहतो, तो पुन्हा आठवत नाही कारण तिथे काही साठलेलंच नसतं. दुसऱ्यात तुटक तुकडे शिल्लक असतात आणि एखादा वास, एखादी जागा समोर आली की ते वर येऊ शकतात. थ्रिलरमधल्या पात्राला शेवटच्या पन्नास पानांत सगळं लख्ख आठवायला लागतं तेव्हा मी हेच बघते, लेखकाने आधी तुकडे ठेवलेत का? नसतील ठेवले तर मला ते पटत नाही. आणि दारू न पिताही आपल्या आठवणीतल्या रिकाम्या जागा दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींनी भरतात, तसं भरलेलं आतून खऱ्या आठवणीसारखंच वाटतं, म्हणून असा निवेदक प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो.

पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग ट्विस्टबद्दलचा आहे, खरं तर तो गोडाऊनच्या आगीबद्दल आहे. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये लोकांना एका आगीची बातमी तुकड्यातुकड्याने वाचायला दिली. सुरुवातीला येतं की एका कपाटात ऑइल पेंट आणि गॅस सिलिंडर होते. नंतर येतं की नाही, ते कपाट रिकामंच होतं. मग विचारलं, एवढा धूर का झाला, स्फोट कशाने झाले? दुरुस्ती वाचलेली, लक्षात असलेली माणसंसुद्धा पेंट आणि सिलिंडरच सांगत राहिली. नुसतं ‘ते खोटं होतं’ म्हटल्याने गोष्टीत भोक पडतं, आणि मेंदूला भोक असलेल्या गोष्टीपेक्षा चुकीची पण पूर्ण गोष्ट परवडते. पण जेव्हा सोबत दुसरं कारण दिलं, म्हणजे कुणीतरी मुद्दाम आग लावल्याच्या खुणा सापडल्या असं, तेव्हा पेंटचा पगडा बराच कमी झाला.

चांगला थ्रिलर लेखक नेमकं हेच करतो असं मला मनापासून वाटतं. तो निवेदकाला नुसतं खोटं पाडत नाही, त्याच क्षणी दुसरी अख्खी गोष्ट हातात देतो, आणि तिचे तुकडे आपण आधीच वाचलेले असतात, बाजूच्या खोलीतला आवाज, न उचललेला फोन, एका तारखेचा घोळ. ज्या पुस्तकांत हे नसतं तिथे शेवटी ‘हे सगळं तिच्या मनाचे खेळ होते’ एवढंच येतं, आपण पुस्तक मिटतो आणि आठवडाभराने कुणी विचारलं तर पहिलीच गोष्ट सांगतो, कपाटातल्या पेंटसारखी.

म्हणून असं पुस्तक संपलं की मी लगेच पहिलं प्रकरण परत वाचते. शेवट माहीत असल्याने पुढे पळायची घाई नसते, मग दिसायला लागतं की ‘मला आठवतंय’ आणि ‘मला नंतर कळलं’ ही वाक्यं तिने किती जवळजवळ ठेवली होती, आणि पहिल्यांदा मी दोन्ही एकाच दमात वाचून गेले होते.