नमुना यादी कशी द्यावी : आमच्या ग्राहकांसाठी

मराठी संकेतस्थळांवरचा मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा आणि त्यातून तुमच्या विषयाचा माहितीसाठा उभा करायचा, हे आमचं काम तुम्हाला ठाऊक आहेच. ‘काम अडलं कुठे?’ असे जे फोन येतात, त्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : नमुना यादीत, म्हणजे सुरुवातीला तुम्ही आम्हाला देता त्या नमुन्याच्या नावांच्या यादीत.

संगणक यादी पाठ करत नाही. यादीतलं नाव मजकुरात सापडलं की त्याच्या मागचेपुढचे शब्द तो टिपतो आणि तेच शब्द दुसरीकडे दिसले की तिथलं नवं नाव उचलतो. म्हणून दुहेरी अर्थाचं एक नावसुद्धा महागात पडतं. आंब्याच्या जातींत नुसतं ‘केशर’ लिहिलंत, तर तो ‘चिमूटभर केशर’ही टिपतो. पुढच्या फेरीत ‘चिमूटभर’नंतर आलेली हळद आणि हिंग आंबे ठरतात, तिसऱ्या फेरीत अख्खा मसाल्याचा डबा. चूकच पुढच्या चुकीचा पुरावा बनते. ती मागाहून निस्तरण्यापेक्षा काम नव्याने करणं सोपं. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी 2010 मध्ये सुरू केलेली ‘नेल’ ही संकेतस्थळं वाचून आपोआप शिकणारी प्रणालीही इथेच फसली होती. तिने ‘इंटरनेट कुकीज’ (संकेतस्थळं आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या फायली) बेकरीच्या पदार्थांत घातल्या, पाठोपाठ संगणकातल्या फायलीही.

तेव्हा दर प्रकाराला 10 ते 15 नावं पुरेत, पण निःसंदिग्ध : हापूस, दशहरी, तोतापुरी, मानकुराद. पायरी, लंगडा, रत्ना, सिंधू ही नावं सुटी देऊ नका. ‘पायरी आंबा’ असं जोडून द्या. राजापुरीचंही तेच, कारण राजापुरी हळदही असते. सोबत ‘हे नव्हे’ अशी दुसरी यादी हवीच : हळद, वेलची, पेरू, देवगड, रत्नागिरी. ही यादी बहुतेकजण गाळतात, आणि घसरण रोखते ती हीच. दोनशे नावं पाठवून काम लवकर होत नाही, तपासणी तेवढी वाढते.

नावं मूळ रूपात लिहा. ‘ठाण्यात’, ‘ठाण्याहून’ आम्ही जुळवतो. मात्र ठाणे शहर की पोलीस ठाणे, ते तुम्हीच सांगायला हवं. यादी युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं तशा मराठीतच द्या. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधलं मराठी संगणकाला मराठी म्हणून वाचताच येत नाही. युनिकोडमध्येही ‘पायऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो आणि संगणक ते दोन निराळे शब्द धरतो. हे आम्ही एकसारखं करून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आमचा दर थोडा जास्त वाटतो, कारण प्रत्येक फेरीनंतर मराठी जाणणारा माणूस नवी नावं तपासतो. एकच बातमी दहा ठिकाणी जशीच्या तशी छापलेली असेल, तर आम्ही तिला एकच पुरावा मानतो. त्यामुळे साठा लहान दिसतो, पण त्यातल्या नावांवर भरवसा ठेवता येतो.

यादी करताना अडलात तर काम सोपवण्याआधी दादरच्या कार्यालयात घेऊन या. पहिली यादी सोबत बसून मोफत तपासून देतो.