फूटीमधला टफ प्लेअर: माणसाला ठोकणारा वेगळा, बॉलवर तुटून पडणारा वेगळा

मेलबर्नला नवीन आलेला माणूस पहिल्यांदा एएफएलची (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, इथला फूटी म्हणजे हाच) मॅच बघतो तेव्हा त्याला ती सरळ मारामारीच वाटते, आणि त्याचं फार चुकत पण नाही, कारण हेल्मेट नाही, पॅड नाही, बिनबाह्यांची जर्सी, एवढ्या मोठ्या ओव्हल ग्राउंडवर एकेका टीमचे 18 जण आणि कोण कुठून येऊन आदळेल काही नेम नाही. मग कॉमेंटेटर एकाला टफ म्हणतो, पाच मिनिटांनी दुसऱ्यालाही टफ म्हणतो, ऑफिसमध्ये सोमवारी तेच, आणि हे दोघं बऱ्याचदा एकदम वेगळी कामं करत असतात. एक असतो एन्फोर्सर, म्हणजे समोरच्याला दणका देऊन घाबरवणारा. दुसरा इनसाइड मिडफिल्डर, जो गर्दीत खाली वाकून बॉल काढतो आणि स्वतः दणके खातो. लोक दोघांना एकाच पिशवीत टाकतात, तिथंच घोळ होतो.

आधी नियम थोडक्यात. टॅकल, म्हणजे पकडून अडवणं, फक्त ज्याच्याकडे बॉल आहे त्यालाच, आणि खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर. बंप म्हणजे हात न लावता खांद्यानं, अंगानं दिलेला धक्का, हा बॉल नसलेल्याला पण चालतो पण बॉल 5 मीटरच्या आत पाहिजे. मॅचमध्ये लाल कार्ड नाही! हे नीट लक्षात ठेवा, कारण एन्फोर्सरची सगळी किंमत याच्यावर उभी होती. तुम्ही समोरच्याच्या बेस्ट प्लेअरला आडवा केलात, तो स्ट्रेचरवरून गेला, तरी तुम्ही त्या दिवशी खेळतच राहता, शिक्षा नंतर ट्रायब्युनल देणार, म्हणजे पुढच्या मॅचेसची. आणि 1976 पर्यंत एवढ्या ग्राउंडवर फील्ड अंपायर एकच असायचा, बॉलच्या मागे धावणारा, त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते कोण बघणार. मग दोन झाले, 1994 पासून तीन, 2023 पासून चार, वर दहा-बारा कॅमेरे. रिचमंडच्या जॅक डायरला लोक प्रेमानं कॅप्टन ब्लड म्हणायचे, तो 1931 ते 1949 खेळला, त्या काळात असला माणूस टीममध्ये असणं म्हणजे खरंच फायदा होता, उगाच दंतकथा नाही.

आता या विषयावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा, 1989 ची ग्रँड फायनल, हॉथॉर्न विरुद्ध जिलाँग. पहिला बाउन्स झाला, म्हणजे अंपायरनं बॉल जमिनीवर आपटून मॅच सुरू केली, सगळ्यांची नजर बॉलवर, आणि जिलाँगचा मार्क येट्स बॉलकडे न बघता सरळ हॉथॉर्नच्या डर्मट ब्रेरटनच्या अंगावर धावत गेला. जुना हिशोब होता, ठरवून केलेलं. ब्रेरटनच्या बरगड्या मोडल्या, किडनीला मार बसला, ग्राउंडवरच उलटी झाली. एन्फोर्सरच्या हिशोबानं काम फत्ते. पण ब्रेरटन बाहेर गेलाच नाही, फॉरवर्ड लाइनला जाऊन उभा राहिला आणि थोड्याच वेळात मार्क घेऊन (किक केलेला बॉल हवेतच झेलून) गोल मारला, आणि हॉथॉर्न ती फायनल 6 पॉइंटनं जिंकलं, 144-138. एक गोलच 6 पॉइंटचा असतो बरं का. गंमत म्हणजे ब्रेरटन स्वतः काही संत नव्हता, तो पण दणके देण्यातलाच, पण त्या दिवशी स्कोअरबोर्डवर जे चढलं ते दणका खाऊन परत बॉलकडे गेल्यामुळे. जिलाँगला त्या दणक्यातून काय मिळालं? माझ्या मते एक जबरदस्त व्हिडिओ क्लिप, बाकी काही नाही. जिलाँगच्या गॅरी अ‍ॅब्लेट सीनिअरनं त्याच मॅचमध्ये 9 गोल मारले, ते बघा त्यापेक्षा.

2004 मध्ये हॉथॉर्ननंच एसेंडनविरुद्ध "आता दाखवूया यांना" म्हणून मोठी हाणामारी केली, सस्पेन्शन आणि दंडाचा ढीग लागला आणि वर मॅच पण दणकून हरले. 2008 मध्ये सिडनीच्या बॅरी हॉलनं वेस्ट कोस्टच्या ब्रेंट स्टेकरला ठोसा मारला, 7 मॅचेस बाहेर. हॉल हा टॉप फॉरवर्ड होता, त्याच्या दांडग्या अंगाची बचावपटूंना धास्ती होतीच, ती किंमत खरी, पण ती मार्क घेताना अंग वापरण्यातून येत होती, मुठीतून नाही. आणि ठोसा मारायला टफ असावं लागतं असंही नाही! 2018 च्या पर्थ डर्बीत फ्रिमँटलच्या 18 वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉचा जबडा मोडला तो वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफनं, जो बाहेर बाहेर पळणारा अगदी स्वच्छ प्लेअर समजला जायचा. 8 मॅचेसची शिक्षा, आणि त्याची टीम त्याच्याशिवाय ग्रँड फायनल जिंकली.

आता दुसरा. अंपायरनं बॉल हवेत टाकला, रकमननी (दोन्ही टीमचे उंच, उडी मारणारे प्लेअर) वर उडी मारून तो खाली टोलवला, खाली सहा-आठ जणांचा गुंता, आणि त्यात जो डोकं खाली घालून बॉलवर हात ठेवतो, दोघं लटकलेले असताना तो हॅन्डबॉल करून (एका हातावर धरून मुठीनं मारून) बाहेरच्या मोकळ्या माणसाला देतो, तो आपला इनसाइड मिड. स्टॅट्समध्ये याला काँटेस्टेड पझेशन (झटापटीत मिळवलेला बॉल) आणि क्लिअरन्स (गर्दीतून बाहेर काढलेला बॉल) म्हणून मोजतात, म्हणजे याची किंमत आकड्यात दिसते, एन्फोर्सरची "भीती" कोणी मोजू शकत नाही म्हणून तिच्याबद्दल काहीही फेकता येतं. दहीहंडीत खालच्या थरातल्या माणसाचं जे असतं तेच याचं, फोटो वरच्याचा येतो. बाहेरून सुसाट पळत जाऊन गोल मारणाऱ्याला बॉल आला कुठून ते रिप्लेमध्ये दोन सेकंद मागे जाऊन बघा.

आणि यासाठी धिप्पाड असायला पाहिजे असं काही नाही. कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स 195 सेंटिमीटर आहे मान्य, पण फुट्सक्रेचा टोनी लिबराटोरे 163 सेंटिमीटरचा, टॅकल करून करून लोकांना वैताग आणायचा, आणि 1990 चं ब्राउनलो मेडल (सीझनच्या बेस्ट प्लेअरचं) घेऊन गेला. जिलाँगचा जोएल सेलवूड तर डोक्याला पट्टी आणि जर्सीवर रक्त याच अवतारात आठवतो लोकांना, 355 मॅचेस, 4 प्रीमिअरशिप (म्हणजे लीगची विजेतेपदं). (टॅकलमध्ये खांदा उचलून मुद्दाम हाय काँटॅक्टची (खांद्याच्या वर हात लागल्याची) फ्री किक काढतो म्हणून त्याला शिव्या पण भरपूर पडायच्या, आणि काही वेळा बरोबरच पडायच्या.) ब्रिस्बेनचा जोनाथन ब्राउन हा फॉरवर्ड, पण जात हीच: पाठीमागून कोण येतंय ते न बघता बॉलच्या खाली उलटा पळत जाऊन मार्क घ्यायचा, असं करायला डोकं थोडं फिरलेलं लागतं.

पण मी बॉलवाल्यांना देव करत नाहीये. हा टफपणा फुकट येत नाही, बिल फक्त दुसऱ्याच्या ऐवजी स्वतःच्या नावावर फाटतं. ब्राउनला 2014 मध्ये डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे रिटायर व्हावं लागलं. पॉली फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक यांच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला, 2021 पासून कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला हादरा) झालं की किमान 12 दिवस खेळता येत नाही. आणि 2023 च्या फायनल्समध्ये कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड किक अडवायला हवेत झेपावला, खाली येताना त्याचा खांदा मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉच्या डोक्याला लागला (गॅफ प्रकरणातल्या अँड्र्यूचा हा भाऊ, काय नशीब एका घराचं), ट्रायब्युनलनं मेनार्डला सोडलं, अँगस 28 व्या वर्षी रिटायर झाला. मेनार्ड बॉलसाठीच गेला होता. म्हणजे बॉलकडे बघत होता म्हणून समोरचा वाचतोच असं नाही.

म्हणून मी प्लेअरवर शिक्का मारण्यापेक्षा तो क्षण बघतो: नजर कुठे आहे, बॉल 5 मीटरमध्ये आहे का, आणि धक्क्यानंतर बॉल कोणाकडे गेला. एकच माणूस दोन्ही बाजूंना असू शकतो. 2022 मध्ये क्रिप्सनंच ब्रिस्बेनच्या कॅलम आह चीला उडी मारून बंप केलं, कन्कशन, 2 मॅचेसची शिक्षा. आता ब्राउनलो मेडल हे "फेअरेस्ट अँड बेस्ट" साठी असतं, सस्पेंड झालात की बाद, 1997 मध्ये ख्रिस ग्रँटला सगळ्यात जास्त मतं मिळूनही एका मॅचच्या सस्पेन्शनमुळे मेडल मिळालं नव्हतं. क्रिप्सचं सस्पेन्शन अपीलमध्ये कायदेशीर मुद्द्यावर उडालं आणि तो लॅची नीलपेक्षा एक मत जास्त मिळवून मेडल जिंकला, 29-28. नील ब्रिस्बेनचाच. त्या वर्षी बॉल काढण्यात क्रिप्स अफाट होता यात वादच नाही, पण तो बंप मला आजही सस्पेन्शनचाच वाटतो, कार्लटनवाल्यांनी काय शिव्या घालायच्या त्या घाला.